सरासरीच्या रेघेखाली दबलेले मूल

भंडारा जिल्ह्यातल्या अंगणवाडीत महिन्याच्या ठरलेल्या दिवशी वजनकाटा निघतो. सेविका मुलाला काट्यावर घेते, आकडा वाचते आणि नोंदवते. पूर्वी ही नोंद फक्त वहीत व्हायची, २०२१ पासून ती पोषण ट्रॅकरच्या अ‍ॅपवरही होते. एकही महिना चुकला नाही तर एका मुलाचे वर्षाला बारा आकडे जमतात. हे आकडे एकाच मुलाचे आहेत, हेच त्यांचे मोल.

आढावा बैठकीत मात्र नेमके हेच मोल हरवते. गावातून प्रकल्प कार्यालयात आणि तिथून जिल्हा परिषदेत माहिती जाते, तेव्हा मूल मागे राहते आणि संख्या पुढे जाते. इतक्यांचे वजन घेतले, इतकी तीव्र कमी वजनाची, इतकी मध्यम, बाकी सर्वसाधारण. फार तर सरासरी वजनाचा एखादा आलेख. रेघ वर चढत असेल तर सगळ्यांना समाधान वाटते.

या समाधानात काय सुटते, ते पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पू. एका अंगणवाडीत वर्ष वयाची तीन मुले आहेत, तिघेही मुलगे. त्यांची वजने ८, ९ आणि १० किलो. सहा महिन्यांनी तीच मुले अनुक्रमे ९.८, १०.५ आणि ९.७ किलोंची भरतात. सरासरी ९ किलोवरून १० किलोवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दीड वर्षाच्या मुलाचे वजन ८.८ किलोंपेक्षा कमी असेल तरच ते कमी वजनाचे ठरते, म्हणून अहवालात तिन्ही मुले सर्वसाधारण. पण तिसऱ्या मुलाने या सहा महिन्यांत ३०० ग्रॅम गमावले आहेत. या वयात मुलाने साधारण सव्वा किलो कमवायला हवे. त्याला काय झाले, हे विचारायची हीच वेळ. पण सरासरीत तो दिसत नाही आणि वर्गवारीतही दिसत नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना वाढीचा तक्ता आईच्या हाती दिला, तो याचसाठी. रेघ कुठे आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेने चालली आहे ते पाहा, हा त्यामागचा धडा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे मापदंडही याच वाटेने तयार झाले. १९९७ ते २००३ या काळात दिल्लीसह सहा देशांतल्या सहा ठिकाणी अभ्यास झाला आणि त्याच्या एका भागात तीच ती मुले जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा मोजली गेली.

एका मुलाचा तक्ता आईला आणि सेविकेला कळतो. प्रश्न हजारो मुलांचा आहे. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ नॅन लेअर्ड आणि जेम्स वेअर यांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. तिला मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. सगळ्या मुलांची मिळून एक समाईक रेघ असते आणि प्रत्येक मुलाची स्वतःची वेगळी. कुणी खालून सुरू करतो, कुणी वरून. कुणी भराभर चढतो, कुणी रेंगाळतो. मुलामुलांतला फरक किती आणि एकाच मुलाच्या वजनात महिन्यामहिन्याला होणारा चढउतार किती, हे ही पद्धत वेगळे करून सांगते.

हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम अनेक वर्षे पाहिले. निरोगी माणसाचेही खाणे रोज सारखे नसते, ते आपोआप कमीजास्त होते, म्हणून एका वेळच्या मोजमापावरून उपाशी कोण हे ठरवू नये, असे ते सांगत. यातून कुपोषितांची संख्या किती धरावी, यावर वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा वाद गाजला. सुखात्म्यांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही टिकून आहे. एका महिन्यात घटलेले वजन हा नेहमीचा हेलकावा की घसरणीची सुरुवात? एका आकड्यावरून ते कळत नाही, ओळीने आलेल्या पाच-सहा आकड्यांवरून कळू लागते.

म्हणून मॉडेल चालवणे पुरेसे नाही, त्याचा निकाल कागदावर कसा काढला जातो, हे तितकेच महत्त्वाचे आहे. बहुतेक वेळा एकच जाड रेघ आणि तिच्याभोवती एक फिकट पट्टा काढून काम संपते. पाहणाऱ्याला वाटते, सगळी मुले त्या पट्ट्यात आहेत. तसे नसते. तो पट्टा सरासरीबद्दलची अनिश्चितता दाखवतो. मुलांची संख्या वाढत जाईल तसा तो अरुंद होत जातो, मुले मात्र होती तितकीच विखुरलेली राहतात. तेव्हा जाड रेघेमागे प्रत्येक मुलाची बारीक रेघ हवीच. गर्दी झाली तर एकेका अंगणवाडीचा वेगळा चौकोन करावा.

दुसरी काळजी याहून मोठी. ज्या मुलाची दोनच वजने आहेत, त्याच्यावर मॉडेल कमी विश्वास टाकते आणि त्याची रेघ सगळ्यांच्या सरासरीकडे ओढते. काट्याची चूक किंवा अंगावरच्या कपड्यांचा फरक असेल तर हे शहाणपणाचेच. पण मूल खरोखर घसरत असेल तर त्याची घसरणही कागदावर सौम्य होते. म्हणून मॉडेलच्या रेघेसोबत काट्यावरचे मूळ आकडे ठिपक्यांनी दाखवायलाच हवेत. ठिपके आणि रेघ यांच्यात जिथे अंतर पडते, तिथे डॉक्टरने थांबावे.

तिसरी गोष्ट गैरहजेरीची. भंडारा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत आई सकाळीच बांधीत जाते, मूल कधी आजीकडे, कधी बांधावर, आणि वजनाचा दिवस निघून जातो. जुन्या पद्धतीत एक वजन हुकले तरी अख्खे मूल हिशेबातून वगळावे लागे. मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल असलेल्या आकड्यांवर काम भागवते. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले असते: न आलेल्या मुलांची वाटचाल, त्यांच्या आधीच्या नोंदी लक्षात घेता, आलेल्या मुलांसारखीच असेल. आजारी पडली म्हणूनच मुले आली नसतील, तर पावसाळ्यातला आलेख खोटे दिलासे देईल. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक महिन्याखाली किती मुलांचे वजन झाले तो आकडा लिहावा आणि जिथे नोंद नाही तिथे मुलाच्या ठिपक्यांत खंड तसाच दिसू द्यावा.

सेविकांवर आधीच नोंदींचे ओझे आहे, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. पण यासाठी सेविकेला एकही जास्तीचा आकडा लिहावा लागत नाही. आकडे जमलेलेच आहेत. हे गणित करणारी ‘आर’ ही संगणक प्रणाली मोफत मिळते आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयातला संख्याशास्त्राचा एखादा प्राध्यापक ती चालवू शकतो. फक्त मुलांची नावे काढून आकडे त्याच्यापर्यंत पोचवण्याची आणि खाली जाणाऱ्या रेघांचे क्रमांक सेविकेकडे परत पाठवण्याची व्यवस्था लागेल.

परत पाठवणे हाच यातला कळीचा भाग आहे. आलेख वरच्या कार्यालयात राहिला तर तोही आणखी एक अहवालच ठरेल. मोहाडीच्या किंवा लाखांदूरच्या पुढच्या आढावा बैठकीत ‘किती टक्के’ या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारला जावा: या महिन्यात कोणकोणत्या मुलांच्या रेघा खाली वळल्या, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले?