सहीची पत

व्यापारी घराण्याला सहीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हुंडी एकदा सकारली की ती पाळण्यात घराण्याची पत असते. विमानतळावरही अशीच एक सही असते. दुरुस्ती वा ठरावीक तपासणी झालेले विमान उड्डाणास योग्य असल्याच्या प्रमाणपत्रावर परवानाधारक देखभाल अभियंत्याची सही झाल्यावाचून ते प्रवासी घेऊन निघू शकत नाही. बारावीनंतर मुलांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या पालकांनी या व्यवसायाची नीट माहिती करून घ्यावी.

जैन समाजाला हे क्षेत्र अगदीच परके नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. पुढे ती सरकारकडे गेली आणि महायुद्धाच्या काळात तेथे अमेरिकी लष्करी विमानांची दुरुस्ती होऊ लागली.

या व्यवसायाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेत मूलभूत प्रशिक्षण घेता येते. बी-१ शाखेत इंजिन, विमानाचा सांगाडा व यांत्रिक प्रणाली यांवर भर असतो. बी-२ शाखेत दळणवळण, दिशादर्शन व इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर. प्रत्येक विषयाची परीक्षा स्वतंत्र असते आणि उत्तीर्ण होण्यास ७५ टक्के गुण लागतात. त्याखेरीज प्रत्यक्ष विमानांवर कामाचा अनुभव हवा. मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास तो २ वर्षांचा, न केलेल्यास ५ वर्षांचा लागतो. परवाना मिळाल्यानंतरही एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा त्या त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. तेव्हाच त्या विमानावर पूर्ण अधिकाराने सही करता येते.

पालकांची फसगत होते ती येथेच. संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: महासंचालनालयाच्या यादीत संस्थेचे नाव, मान्यता नेमकी कोणत्या शाखेस आहे हे, आणि प्रत्यक्ष अनुभव कोठे व कोणत्या विमानांवर मिळणार याचे लेखी उत्तर. नोकरीच्या तोंडी हमीवर व्यवहार करू नये. परवाना हाती येईपर्यंत काही वर्षे जातात व त्या काळात प्राप्ती बेताचीच असते, हेही हिशेबात धरावे.

कामाला संधी आहे. विमानांच्या देखभाल-दुरुस्ती सेवेवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला; परदेशी जाणारे काम देशात राहावे हा त्यामागील हेतू होता. नागपूरच्या मिहान परिसरात मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. तथापि विमाने दिवसा उडतात, म्हणून त्यांची बरीच तपासणी रात्री होते. पाळ्यांमध्ये काम करावे लागते. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असलेल्या घरातील मुलामुलींनी याचा विचार आधीच करून डबा व वेळ यांची व्यवस्था लावलेली बरी.

खरी कसोटी मात्र सही न करण्याची असते. उड्डाणाला उशीर होत असतो, प्रवासी खोळंबलेले असतात, वरिष्ठ घाई करीत असतात. आणि एखादे माप मर्यादेबाहेर दिसत असते. त्या क्षणी विमान थांबवून ठेवणाऱ्याच्याच सहीला पत राहते. एखादे हत्यार मोजणीत कमी भरले, तर ते सापडेपर्यंत विमान सोडता येत नाही. रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी न बंद करणाऱ्या घरात ही शिस्त सहज रुजलेली असते.

म्हणून मुलगा वा मुलगी हे क्षेत्र निवडू पाहत असेल, तर ‘दुकान सोडून नोकरी कशाला?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. हातात पाना धरण्याची आवड आहे का, इंग्रजी नियमपुस्तिका ओळ न ओळ वाचण्याचा धीर आहे का आणि घाई करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येईल का, हे आधी विचारावे.