फुटबॉल काढायला बुडी मारण्याआधी

उन्हाळा लागला, विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि नदीच्या डोहात गाळ, जलपर्णी साचली की आपल्या सातारा-सांगली भागात एक काम हमखास निघतं. मोटार पाणी उचलत नाही. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे आपल्या बोलीतला फुटबॉल, तुंबलेला असतो. मग गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला निरोप जातो. तो येतो, कपडे काढतो, दोन-चार मोठे श्वास घेतो आणि बुडी मारतो. बहुतेक वेळा तो काम करून वर येतो. प्रश्न आहे तो जेव्हा येत नाही, त्या दिवसाचा.

शेतकरी बंधूंनो, असा माणूस बुडाला की आपण म्हणतो, "दम कमी पडला", नाहीतर "त्याची वेळ आली होती". पण पाठीला वाळका भोपळा नाहीतर प्लास्टिकचा डबा बांधून याच विहिरीत पोहायला शिकलेला माणूस अर्ध्या मिनिटाच्या बुडीत का जातो, याला कारण आहे. ते समजून घेतलं तर पुष्कळ जीव वाचतील.

पाण्याखाली जीव कासावीस होतो तो मुख्यतः अंगातला प्राणवायू संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. ही शरीरानं वाजवलेली घंटा आहे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की हा वायू बाहेर जातो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. म्हणजे घंटा उशिरा वाजते आणि साठा मात्र आधी संपतो. माणसाला त्रास जाणवत नाही, "अजून दम आहे" असं वाटतं आणि तो एकाएकी शुद्ध हरपतो. वर येताना धोका आणखी वाढतो. १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट खोलीवर दाब दुप्पट असतो. वर येताना तो उतरतो, तसा फुप्फुसातून रक्तात जाणारा प्राणवायूही घटतो. म्हणून कित्येक जण पृष्ठभागापासून हातभर अंतरावर येऊन बेशुद्ध पडतात. ओरड नाही, हातपाय मारणं नाही. काठावरच्याला काही कळतही नाही.

दम धरून पाण्याखाली जाणं हाच ज्यांचा पिढीजात धंदा, ते काय करतात ते पाहा. घाटाखाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात बायाबापड्या ओहोटीची वेळ साधून खडकावरची कालवं काढतात, खाडीच्या चिखलातून तिसऱ्या वेचतात. बुडी मारायचा प्रसंग सहसा येऊ देत नाहीत. पण दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बाया नळकांड्याशिवाय, नुसत्या दमावर समुद्रात उतरून शिंपले काढतात. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. साठी-सत्तरीच्या बायाही हे काम करतात. त्यांची शिस्त साधी आहे. एकटीनं जायचं नाही. प्रत्येकीचा तरंगता गोळा पाण्यावर दिसला पाहिजे. जिचा जेवढा अनुभव, तेवढीच तिची खोली. वर आल्यावर शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा, दम खायचा, मगच पुन्हा खाली. एवढं सांभाळूनही तिथं माणसं दगावतात. आणि आपण विहिरीच्या काठावर बिडी ओढत म्हणतो, "आणखी एक बुडी मार की, झालंच आता."

तेव्हा पहिला नियम असा की बुडीची वेळच येऊ देऊ नये. फुटबॉल बसवतानाच त्याला जाड नायलॉन दोर किंवा साखळी बांधून दुसरं टोक काठावर ठेवा. भोवती जाळीची टोपली बसवा. शक्य तिथं लवचिक पाइप वापरा, म्हणजे तुंबल्यावर चेनपुलीनं वर ओढून घेता येईल. दोन-चारशे रुपयांच्या दोरासाठी माणूस खाली पाठवणं हा हिशेब चुकीचा आहे.

उतरावंच लागलं तर आधी वीज तोडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्टार्टरच्या पेटीत 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि खालच्या माणसाचा हात किंवा कपडा फुटबॉलला खेचला जातो. म्हणून किटकॅट काढा आणि जो खाली उतरणार त्याच्याच माणसाच्या खिशात ठेवा. पाण्यात सबमर्सिबल किंवा जोड दिलेली केबल असेल तर ही काळजी दुप्पट घ्या.

बुडी मारणाऱ्यानं भराभर श्वास घेऊ नयेत. शांतपणे चार श्वास घेऊन उतरावं. छातीला दोर बांधावा, त्याचं टोक जाणत्या माणसाच्या हातात असावं. बुडी अर्ध्या मिनिटाची ठेवावी आणि जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विसावा घ्यावा. कान दुखू लागले तर नेटानं खाली जाऊ नये. दारू प्यायलेल्याला, थकलेल्याला आणि अल्पवयीन पोराला पाण्यात घालू नये. वर आलेल्या माणसाकडे अर्धा मिनिट नजर ठेवावी; घात त्याच वेळी होतो.

जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत आणखी एक वैरी असतो, तो म्हणजे कोंडलेला वायू. कंदील सोडून विझला तर उतरूच नये; जळत राहिला तरी सगळं ठीक आहे असं समजू नये. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणं तर मरणाला आमंत्रण आहे. एक पडला म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो आणि एका घरातली तिन्ही माणसं जातात. नदीकाठच्यांनी धोम, कण्हेर, कोयनेच्या विसर्गाची चौकशी केल्याशिवाय कृष्णेत उतरू नये. भिलवडी, औदुंबर, डिग्रज पट्ट्यात मगरी आहेत, हे तर सांगायलाच नको.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटा टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, खांद्यावर घेऊन पळणं यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर उताणा निजवा, मान मागे करा, नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोरानं दाबा, दोन श्वास द्या आणि मदत येईपर्यंत हेच करत राहा. दुसऱ्यानं त्याच वेळी १०८ ला फोन लावावा.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. पण ती खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका बिगरखातेदारासाठी आहे. बुडी मारणारा माणूस पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो. पाणी मिळतं सातबारावाल्याला आणि जीव पणाला लागतो त्याचा, ज्याच्या नावावर गुंठाही नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावात अशी कामं करणाऱ्यांची यादी करावी, त्यांचा अपघात विमा उतरवावा आणि त्याचा हप्ता विहीरमालकांनी व पाणीपुरवठा संस्थांनी भरावा. ग्रामपंचायतीत एक लांब दोर आणि दोन हवा भरलेल्या ट्यूब कायमच्या टांगलेल्या असाव्यात. छाती दाबून श्वास देण्याचं शिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा गावात व्हावं.

ऊस चार दिवस उशिरा भिजला तर थोडा वाळेल, पुढच्या पाण्याला पुन्हा डोकं वर काढील. तेव्हा उद्या मोटार पाणी सोडेनाशी झाली तर आधी किटकॅट काढा, दोर आणा, दुसरा माणूस बोलवा. तो मिळेपर्यंत मोटार बंद राहिली तरी चालेल.