शाळेची गाडी आणि हजेरीचे बक्षीस

आमच्या वार्षिकाच्या विद्यार्थी-संपादकांनी यंदा माझ्याकडे एकच मागणी केली, “बाई, ती गाडीची गोष्ट लिहून द्या.” कोणती गोष्ट, हे त्यांना सांगावे लागले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. पावसाळ्यातला एखादा अंधारलेला तास आला, वीज गेली, की मागच्या बाकावरून कोणीतरी तिची फर्माईश करतोच. गेली दहा वर्षे मी ती आनंदाने सांगत आले आहे. आज प्रथमच लिहावयास बसले, तर लेखणी अडखळते आहे. का अडखळते, तेच सांगण्याचा या लेखात विचार आहे. परंतु आधी गोष्ट.

माझे माहेर सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याकडील एका वाडीत. घरी आम्ही कोंकणी बोलतो. मराठी आम्हांला शाळेत भेटली, आणि ती शाळा होती घरापासून सतरा-अठरा किलोमीटर दूर. रात्री वस्तीला आलेली गाडी देवळापाशी उभी राही. चालक व वाहक देवळाच्या पडवीत निजत आणि सकाळी साडेसहाला तीच गाडी आम्हां मुलांना, भाजीच्या पाट्यांना, दुधाच्या किटल्यांना आणि कधी कधी एखाद्या कोंबड्यालाही पोटात घेऊन निघे. रस्ता एका गाडीपुरता. एका अंगास दरड, दुसऱ्या अंगास खाली व्हाळ. समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला, की कोणी तरी एकाने मागे सरावयाचे, आणि ते बहुधा आमच्या वाट्यास येई. मग वाहक मागच्या खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून “येऊ दे, येऊ दे” असे ओरडत राही व मागचे चाक कडेच्या लाल चिखलात रुतू लागले, की घंटीच्या दोरीला हिसडा देई. त्या एका हिसड्यावर आमचे तीसपस्तीस जीव टांगलेले असत. आम्ही मात्र तेव्हा अंताक्षरी खेळत असू.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. त्या दिवशी गणिताची घटक चाचणी. वाटेत व्हाळावर एक ठेंगणा पूल होता; आम्ही त्यास कॉजवे म्हणत असू. त्याला कठडा नव्हता, दोन्ही कडांना चुना फासलेले दगड तेवढे होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पुलावरून तांबडे पाणी धावत होते आणि दगडांपैकी निम्मे दिसेनासे झाले होते. चालकाने गाडी थांबवली. तो शांतपणे म्हणाला, “पाणी उतरांदे, मगे जाऊया.”

तो शहाणा माणूस होता. ऐकले नाही ते आम्ही. “मामा, पेपर चुकतलो!” असा एकच गिल्ला आम्ही केला. मोठी माणसेही आमच्यात मिसळली. कोणाला बाजार गाठायचा होता, कोणाला कचेरी. अखेरीस वाहक काठी घेऊन खाली उतरला व पाण्यात पुढे पुढे चालत, काठीने कडेचे दगड चाचपत, गाडीला वाट दाखवू लागला. “पोरांनू, घट धरून बसा रे!” एवढेच शब्द चालकाच्या तोंडून निघाले. मध्यावर आल्यावर एक ओंडका वाहत येऊन गाडीच्या कुशीवर आदळला. गाडी किंचित सरकली. तिच्या दारातून पाणी आत आले. कोणी ओरडले नाही. इतकी शांतता त्या गाडीत मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. मग इंजिनाने दोनदा ठसका दिला आणि आम्ही पलीकडच्या चढाला लागलो. लगेच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मला गणितात वीसपैकी अठरा गुण मिळाले.

वर्गात मी गोष्ट येथे संपवीत असे. मुलांनी टाळ्या वाजवाव्या आणि घंटा व्हावी, इतकी ती बेतशीर झाली होती. कबूल करावयास हरकत नाही, की वर्षागणिक व्हाळाचे पाणी चार-चार बोटे चढतही गेले. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट असावी, असे मी समजत आले.

गेल्या पावसाळ्यात मी नववीला निबंध घातला: ‘माझा अविस्मरणीय प्रवास’. आपल्या शाळेतील कित्येक कुटुंबांची मुळे नांदेड जिल्ह्यात आहेत; एक मुलगा आपल्या मामाच्या गावी, देगलूरकडे जाऊन आला होता. तेथे मामेभावंडे ज्या काळ्यापिवळ्या जीपमधून शाळेत जातात, तिच्यातून तोही एक दिवस गेला. आत जागा नव्हती, म्हणून हा मागच्या शिडीला लोंबकळला. नदीच्या फरशीवर पाणी होते. ‘माझे बूट पाण्याला लागत होते. सगळे घाबरले, मी हसत होतो. आमच्या बाईंसारखा.’ निबंध चांगला होता, अक्षर वळणदार होते, शुद्धलेखनाच्या दोनच चुका होत्या. मी लाल पेन्सिल हातात धरून बराच वेळ तशीच बसले. गुण किती द्यावे, हे मला ठरविता येईना. त्या मुलाने माझाच धडा गिरवला होता.

त्याला मी जे सांगितले नव्हते, ते आता लिहिते. त्या दिवशी गाडीच्या दाराजवळच्या आसनावर माझ्या वर्गातली माझी मैत्रीण बसली होती. दारातून आलेले पाणी तिच्या पायांवरून गेले. कडेचा शेवटचा दगड पाण्याखाली जाताना तिने एकटीनेच पाहिला होता. घरी गेल्यावर ती काय बोलली कोण जाणे; पण पुढच्या आठवड्यात तिच्या वडिलांनी तिचे नाव शाळेतून काढले. हुशार मुलगी, गणितात माझ्यापुढे होती. तिचा भाऊ त्याच गाडीत, दोन आसने मागे होता. तो मात्र त्याच गाडीने, त्याच पुलावरून जात राहिला, दहावी झाला आणि आज गोव्यात चांगल्या नोकरीवर आहे. तिच्या वडिलांना दोष देणे मला अजूनही जमत नाही. ते भ्याले होते, आणि भ्यायला कारण होते. ती भीती मुलीच्याच पुस्तकांवर का कोसळावी, हा प्रश्न मात्र मला पडावयास पंचवीस वर्षे नसली तरी वीस खासच लागली.

थरारक प्रवासाच्या गोष्टी आपण जेव्हा ऐकतो, तेव्हा त्या सांगणारे कोण असतात? जे पलीकडे पोहोचले ते. आपल्यापैकी अनेकांचे नांदेडला जाणेयेणे असते. सिकंदराबाद सोडले, मेडचल मागे टाकले, की कामारेड्डीच्या अलीकडे मासाईपेट लागते. २४ जुलै २०१४ रोजी सकाळी तेथल्या फाटकाविना असलेल्या रेल्वे-ओलांडीवर एक शाळेची गाडी रुळांवर आली, आणि नांदेडहून सिकंदराबादला येणाऱ्या पॅसेंजरने तिला धडक दिली. मुले आसपासच्या खेड्यांतून तूप्रानच्या शाळेत निघाली होती. डझनाहून अधिक कोवळे जीव गेले, चालकही गेला. रुळांच्या कडेला दप्तरे आणि डबे पडले होते. त्यांच्यापैकी अनेकांनी तो रस्ता शेकडो वेळा सुखरूप ओलांडला असेल, आणि कदाचित हसत ओलांडला असेल. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ अशाच ओलांडीवर तेरा मुले दगावली. त्यानंतर कामाला वेग आला, आणि जानेवारी २०१९ अखेर रुंदमापी मार्गांवरील पहारेकऱ्याविना असलेली सर्व फाटके नाहीशी केल्याचे रेल्वेने जाहीर केले. काम झाले हे चांगलेच झाले. मी आता त्या गाडीने जाते तेव्हा मासाईपेट आले, की पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहते.

आमच्या शिक्षकखोलीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “बाई, अशाच प्रसंगांनी मुले धीट होतात. आपण नाही का झालो?” त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. चिखल तुडवून, ओझी वाहून, एकमेकांना हात देऊन आम्ही पुष्कळ शिकलो. परंतु त्या सकाळी गाडीत धीट कोण होते? काठी घेऊन पाण्यात उतरलेला वाहक. आणि त्याही आधी, ‘थांबूया’ म्हणणारा चालक. आम्ही धीट नव्हतो; आम्हांला चाचणी चुकण्याचे भय पाण्याच्या भयाहून मोठे वाटत होते, इतकेच.

शहरातील मुलांची सोय जगाने बरीच आधी केली. शाळेच्या गाडीचा पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत ठरला, कारण पहाटेच्या अर्ध्या उजेडातही पिवळ्यावरची काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. आपल्याकडे १९९७ च्या नोव्हेंबरात दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची गाडी यमुनेत पडली, २८ मुले बुडाली, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी पिवळा रंग, खिडक्यांना गज, औषधांची पेटी, सोबतीला माणूस असे नियम आले. उत्तम नियम आहेत. पण खेड्यातले मूल पिवळ्या गाडीतून जात नाही. ते प्रवासी गाडीतून, जीपमधून, दुधाच्या टेंपोतून जाते. आणि तीही नसली तर चालत जाते किंवा जातच नाही. महाराष्ट्रात मागास तालुक्यांतील मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा मला माझ्या मैत्रिणीची आठवण झाली. पुढे नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा कोंकणातून भाचीचा फोन आला, “मावशी, गाडीच नाही, शाळेत कशी जाऊ?” म्हणून ‘वाट धोक्याची, तर गाड्या बंद करा’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. गाडी बंद झाली, की प्रथम मुली घरी बसतात.

पूल बांधणे माझ्या हाती नाही, तुमच्याही नाही. परंतु आम्ही त्या दिवशी का ओरडलो, याचा विचार आपल्या हाती आहे. चाचणी चुकली तर शून्य मिळे. आणि दुसरे कारण सांगताना मला थोडी लाज वाटते: मला शंभर टक्के हजेरीचे बक्षीस हवे होते. ते मिळालेही, एक कंपासपेटी आणि सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र. माझ्या मैत्रिणीची हजेरी त्या वर्षी जुलैतच संपली.

याच वार्षिकात, पाठीमागच्या पानांवर, यंदाच्या पूर्ण हजेरीच्या मानकऱ्यांची नावे छापली जातील. त्यांचे मी मनापासून अभिनंदन करते. त्यांपैकी काहींना मी रोज पाहते, ती नियमित आणि कष्टाळू मुले आहेत. पण माझी एक सूचना आहे, आणि ती मी मुख्याध्यापकांपुढे व पालकसभेपुढे मांडणार आहे. ज्या दिवशी वाटेवर पाणी असेल, त्या दिवशीची गैरहजेरी मोजू नये. त्या दिवशी चुकलेली चाचणी पुन्हा घ्यावी, आणि तीही कुरकुर न करता. हैदराबादेत हे अनावश्यक आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने मूसीला पाणी आल्यावर मूसारामबागचा ठेंगणा पूल वेळोवेळी रहदारीला का बंद करावा लागला, ते आठवावे. शहराच्या कडेच्या वसाहतींतून, दोन-दोन गाड्या बदलून येणारी मुले आपल्याही वर्गात आहेत. घरी थांबलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी आपण “काल कुठे होतास?” असे कोणत्या आवाजात विचारतो, यावर तो पुढच्या वेळी थांबेल की नाही हे अवलंबून असते. चालकाने ‘थांबूया’ म्हटले तर गाडीत एक तरी मूल त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, आणि त्याला तसे बोलता यावे एवढी निर्धास्ती शाळेने द्यावयास हवी.

त्या नववीच्या मुलाला मी दहापैकी आठ गुण दिले. निबंध तेवढ्याचा होताच. मात्र त्याला बोलावून मैत्रिणीची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाई, माझी मामेबहीण पण आता जात नाही शाळेत.” हे निबंधात त्याने लिहिले नव्हते.

मे महिन्यात मी माहेरी गेले होते. व्हाळावर आता उंच पूल आहे, कठड्याचा. मैत्रीण भेटली, तिची मुलगी दहावीला बसली होती. अंगणात बसून आम्ही जुन्या गोष्टी काढल्या, आणि सवयीने मीही सांगू लागले, की पाणी दुसऱ्या पायरीवरून आसनापर्यंत कसे चढले होते. तिने सुपातले तांदूळ निवडता निवडता मान वर केली.

“आसनापर्यंत नाय गो,” ती म्हणाली, “पयल्या पायरेर होता. माका आठावता.”