क्वांटम स्पर्धेचा जमाखर्च

विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर अलीकडे 'क्वांटम हॅकेथॉन' या नव्या स्पर्धेची पत्रके दिसू लागली आहेत. चार-सहा विद्यार्थ्यांनी गट करावयाचा, संयोजकांनी दिलेला प्रश्न क्वांटम संगणकाच्या साहाय्याने एक-दोन दिवसांत सोडवावयाचा आणि परीक्षकांपुढे त्याचे निवेदन करावयाचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१७ साली सलग ३६ तासांची 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' भरविली, तेव्हापासून हा स्पर्धाप्रकार आपल्याकडे चांगलाच रुजला. आता त्यात क्वांटम तंत्रविद्येची भर पडली आहे. या खटाटोपातून विद्यार्थ्यांच्या आणि देशाच्या पदरात नेमके काय पडते, हे उत्साहाच्या भरात कोणी विचारीत नाही.

या उत्साहाला शासकीय धोरणाची पार्श्वभूमी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या आठ वर्षांसाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली आणि ५० ते १,००० क्यूबिट क्षमतेचे संगणक देशात तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले. पैशाची तरतूद एका ठरावाने होते. माणसांची होत नाही. जाणकार मनुष्यबळाचा हा तुटवडा भरून काढण्याचा जवळचा मार्ग म्हणून अशा स्पर्धांकडे पाहिले जाते.

या मार्गाची एक बाजू निःसंशय स्वागतार्ह आहे. मे २०१६ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पाच क्यूबिटचा संगणक इंटरनेटद्वारे सर्वांना खुला केला. निरपेक्ष शून्याच्या जवळपासच्या तापमानात चालणारे हे यंत्र तोवर मोजक्या प्रयोगशाळांची मिरास होती. आज लातूरचा किंवा रत्नागिरीचा विद्यार्थीही हजारो मैलांवरील यंत्राकडे आपली आज्ञावली पाठवू शकतो. ज्ञानाच्या साधनांवरील मक्तेदारी इतक्या अल्प खर्चात सैल झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

मात्र स्पर्धेत विचारले जाणारे प्रश्न पाहिले म्हणजे चित्र गुंतागुंतीचे होते. कोणत्या रोख्यांत पैसा गुंतवावा, मालमोटारी कोणत्या मार्गाने पाठवाव्यात, अशा 'होय' किंवा 'नाही' या उत्तरांच्या जुळणीचे हे प्रश्न असतात. असे २० निर्णय घ्यावयाचे असतील तर १०,४८,५७६ पर्याय संभवतात. निर्णय ५० झाले की पर्यायांची संख्या एकावर १५ शून्ये मांडून होणाऱ्या संख्येच्याही पुढे जाते. हा आकडा दाखवून नेहमीचा संगणक येथे हतबल ठरतो, असे सांगण्याचा मोह स्पर्धकांना होतो. वस्तुतः सगळे पर्याय एकेक करून तपासावे लागतच नाहीत. आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोन संशोधिकांनी निरुपयोगी पर्यायांच्या फांद्याच छाटून टाकण्याची पद्धत १९६० सालीच मांडली. तिचे सुधारलेले रूप आज साध्या संगणकावरही चालते. स्पर्धेत मावतील एवढ्या आकाराच्या प्रश्नांत सध्याच्या चुकांनी ग्रासलेल्या क्वांटम यंत्रांपेक्षा ही पद्धत बहुधा सरस ठरते. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची पीटर शोर यांची १९९४ सालची रीत क्रांतिकारक खरी. पण तिच्यासाठी लागणारे निर्दोष यंत्र अजून कोणाच्याही हाती नाही.

ही तुलना परीक्षक मागतात काय, यावर स्पर्धेचे मूल्य ठरते. ज्याला बक्षीस मिळते त्याचेच उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्रातील साधा नियम आहे. एडवर्ड लेझियर आणि शेर्विन रोझेन यांनी १९८१ साली क्रमवारीवर आधारलेल्या बक्षिसांचे विश्लेषण करताना दाखवून दिले, की निकालात योगायोगाचा वाटा वाढला की परिश्रमाची प्रेरणा घटते. दिखाऊ निवेदनावर निकाल लागू लागला, तर विद्यार्थी गणित सोडून निवेदन शिकतील. त्यांना दोष कसा देणार?

दुसरा मुद्दा श्रमाच्या मालकीचा. अनेकदा प्रश्न कंपन्यांकडूनच येतात. समजा, पाच जणांच्या शंभर गटांनी प्रत्येकी ३६ तास काम केले, तर १८,००० मनुष्यतास खर्ची पडतात आणि बक्षिसे तीन गटांना मिळतात. याला सरसकट पिळवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण उरलेल्या ९७ गटांनाही शिक्षण मिळते. परंतु त्यांनी लिहिलेल्या आज्ञावलीवर हक्क कोणाचा, हे नियमांच्या इंग्रजी मजकुरात दडून राहता कामा नये.

सर्वांत मूलगामी प्रश्न याहून वेगळा आहे. स्पर्धा ज्ञान निर्माण करीत नाही, असलेले ज्ञान निवडून काढते. क्यूबिट समजण्यासाठी सदिश, सारणी, संमिश्र संख्या आणि संभाव्यता यांचा पाया लागतो. तो पाया घालणारी अध्यापकांची पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावरील नेमणुकांनी वेळ मारून न्यावयाची आणि त्याच महाविद्यालयांनी क्वांटम स्पर्धेत गट पाठवावेत अशी अपेक्षा धरावयाची, ही विसंगती आहे. अशा स्थितीत स्पर्धा जिंकणार ती आधीच संपन्न असलेल्या संस्थांतील मुले. संधी सर्वांना खुली आहे, या समाधानात मूळची विषमता मात्र झाकली जाईल.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. ते यश कोणत्याही एका रात्रीच्या जागरणाचे नव्हते. वर्षानुवर्षांचे प्रयोग आणि त्यांत घडत गेलेली माणसे यांचे ते फळ होते.

म्हणून स्पर्धा बंद कराव्यात असे नव्हे. प्रत्येक उत्तराची नेहमीच्या संगणकाच्या उत्तराशी तुलना सक्तीची करावी. हक्कांचे नियम मराठीतही छापावेत. पराभूत गटांची आज्ञावलीही, त्यांची संमती असल्यास, पुढील तुकड्यांच्या अभ्यासासाठी जतन करावी. आणि देशी यंत्रे सिद्ध होतील तसा त्यांच्या वेळेचा ठरावीक वाटा ग्रामीण महाविद्यालयांसाठी राखून ठेवावा. यासाठी फारसा पैसा लागत नाही. पैसा लागतो तो वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकासाठी, आणि क्वांटम अभियानाच्या हिशेबात तो खर्च पहिल्या ओळीत मांडला गेला पाहिजे.