मोजताना सगळ्यांचे, वापरताना कुणाचे?

महाविद्यालयाचे मूल्यांकन करताना नॅक एक साधा हिशेब मागते: किती विद्यार्थ्यांमागे एक संगणक? या हिशेबात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसणारी मोलगीची मुलगी धरली जाते, बी.कॉम.चा धडगावचा मुलगाही धरला जातो. लॅब दाखवली जाते, आकडा बसतो. प्रत्यक्षात लॅबचे वेळापत्रक सहसा संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांपुरते असते. ती आटोपली की दाराला कुलूप. ज्यांच्या नावावर ते संगणक मोजले गेले, ती मुले परीक्षेचा अर्ज भरायला रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी राहतात. हे चित्र राज्यभर थोड्याफार फरकाने दिसते. पण नंदुरबार जिल्ह्यात त्याची झळ सर्वांत जास्त बसते, म्हणून बोलायचे ते इथूनच.

१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आणि साक्षरतेचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी, ६४ टक्क्यांच्या आसपास. विद्यापीठ जळगावला. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणातला श्रेयांक-खात्याचा एबीसी आयडी, सगळे ऑनलाइन. हे चांगलेच झाले. एका दाखल्यासाठी जळगावची वारी कुणी करायची? पण ऑनलाइन म्हणताना घरी संगणक आहे असे कुणीतरी गृहीत धरले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. त्यानंतर घरोघरी मोबाइल पोहोचले, पण फोनच्या चार बोटे पडद्यावर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका ठरावीक केबीत बसवून अपलोड करायची म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. पुढे प्रिंट हवीच, आणि ती काही फोनमधून निघत नाही.

दुकानात काय होते, ते एकदा उभे राहून पाहावे. गर्दी असते, दुकानदाराची बोटे भराभर चालतात. तो आडनाव विचारतो. मुलगा म्हणतो, वळवी. इंग्रजीत सुरुवात व्हीने करायची की डब्ल्यूने? आधारवर एक असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. पावरा, वसावे, गावित, सगळ्यांची हीच कथा. दुकानदार सवयीने एक अक्षर दाबतो आणि पुढच्या अर्जदाराकडे वळतो. चूक कळते ती काही महिन्यांनी, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आल्यावर. मुलगा स्वतः शांतपणे कीबोर्डसमोर बसला असता, तर आपले नाव त्याने दोनदा तपासले असते.

मग येतो ओटीपी. आधारला जोडलेला नंबर बापाचा, आणि दिवाळीनंतर बाप ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला. त्याने फडातून फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान इथे आले होते. आधारच्या भरवशावर उभे राहिलेले सारे अर्ज भरायला त्याच जिल्ह्यातल्या मुलांना आज पैसे मोजून दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभे राहावे लागते, ही गोष्ट मनाला लागते.

आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. दुकानातल्या संगणकाचे डाउनलोड फोल्डर उघडले तर आधीच्या कित्येकांची आधार कार्डे, बँक पासबुके, जातीचे दाखले तसेच पडलेले दिसतात. पासवर्ड दुकानदाराच्या वहीत, कारण पुढच्या वेळी मुलाला तो आठवणार नाही. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. महाविद्यालयाने करायचे काम तो करतो आहे आणि त्यावर पोट भरतो आहे. पण आपली कागदपत्रे कशी जपायची, काम झाल्यावर लॉग आउट का करायचे, सामायिक संगणकावर पासवर्ड सेव्ह का करायचा नाही, हे शिकवण्याची जागा कॉलेजची लॅबच आहे.

लॅब सर्वांना खुली करा म्हटले की उत्तर ठरलेले: लक्ष कोण ठेवणार, व्हायरस येतील, कागद उधळला जाईल. या अडचणी खऱ्या आहेत आणि जुन्याही आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीने १९८३ मध्ये अथेना प्रकल्प हाती घेतला, तेव्हा हेच प्रश्न समोर होते. कुठल्याही विद्यार्थ्याने कुठल्याही यंत्रासमोर बसावे, स्वतःच्या नावाने आत शिरावे आणि त्याला त्याच्या फायली मिळाव्यात, अशी रचना त्यांनी केली. केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत त्यातूनच आली आणि आज जगभर वापरली जाते. आपल्याला एवढे काही नव्याने शोधायचे नाही. प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन, सत्रामागे ठरावीक पाने फुकट, त्यावर लागतील तेवढे पैसे, इतके पुरते.

लक्ष ठेवायला माणूस नाही म्हणता? कमवा आणि शिका योजना आहे ना. कर्मवीर भाऊराव पाटलांचा वारसा सांगणाऱ्या राज्यात या योजनेतल्या मुलांना झाडांना पाणी घालण्याबरोबरच लॅब सांभाळायलाही लावता येईल. पावरी किंवा मावची बोलणारा मुलगा तिथे बसला असेल, तर पहिल्या वर्षाची बिचकलेली पोरे त्याला बिनदिक्कत विचारतील. साहेबांना ती विचारत नाहीत.

वेळेचा विचार मात्र मुलांच्या बाजूने हवा. वसतिगृहातल्यांना संध्याकाळ सोयीची. एसटीने ये-जा करणाऱ्यांना नाही, त्यांना दुपारी परतीची गाडी गाठायची असते. अर्जांचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोदा-धडगाव वाट बंद होते. अशा दिवसांत लॅब उघडी असण्याचा एक तास चुकला, तर पुढची खेप कधी होईल याचा नेम नसतो. म्हणून अर्जांच्या काळात तरी लॅब सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग उघडी हवी.

आणि विद्यापीठाने आपल्याकडूनही एक करावे. विद्यार्थ्याने ऑनलाइन भरलेला अर्ज विद्यापीठाच्या सर्व्हरवर असतो, महाविद्यालयाच्या लॉगिनला दिसतो. तरीही त्याच अर्जाची प्रिंट, सोबत आधारची झेरॉक्स, मागच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स, असा गठ्ठा त्याच महाविद्यालयाच्या खिडकीवर द्यावा लागतो. ही मागणी पुढच्या परीक्षेच्या परिपत्रकातच बंद करावी. कार्यालयाला कागद हवाच असेल, तर तो कार्यालयाने स्वतःच्या प्रिंटरवर, स्वतःच्या खर्चाने काढावा.