चांदीच्या घुबडाची साक्ष

प्राचीन ग्रीक नाणी जमविणाऱ्या रसिकांचे एक आवडते वचन आहे: "आम्ही चांदीचे लोभी नव्हेत, आम्ही चिन्हांचे उपासक आहोत." हे वचन आम्ही क्षणभर खरे मानतो. अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्यावर एका बाजूस अथीना देवी, दुसऱ्या बाजूस तिचे घुबड, त्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि चिमुकली चंद्रकोर. अवघ्या १७ ग्रॅम चांदीत एक नगरराज्य मावलेले पाहून कोणाचे भान हरपणार नाही? ऱ्होडसने आपल्या नावाशी जुळणारा गुलाब मिरविला, सेलिनूसने रानटी सेलरीचे पान, तर ऐगिनाने कासव. चिन्ह वाचता आले की नगरी ओळखता येते. ही विद्या मोहक आहे यात वाद नाही.

आमची तक्रार निराळी आहे. नाणे कोठे पाडले गेले एवढेच चिन्ह सांगते. ते पुढे कोठे गेले आणि कोणत्या नाण्यांच्या सोबतीने पुरले गेले, हे सांगते ती जमीन. कॉरिंथच्या नाण्यावर पंखधारी घोडा असे. असे घोडे सिसिलीतील ठेव्यांतून विपुल निघाले, म्हणूनच इ. स. पूर्व चौथ्या शतकात, तिमोलेऑनच्या काळी, त्या बेटाकडे चांदीचा ओघ वळल्याचे कळले. त्यांतला सुटा घोडा मखमलीच्या पेटीत कोणाची साक्ष देणार?

इजिप्तमधील असियूत येथे १९६८-६९ च्या सुमारास निघालेल्या सुमारे ९०० ग्रीक रौप्यनाण्यांचे उदाहरण घ्या. विद्वानांनी तो ठेवा एकत्र पाहण्यापूर्वीच तो व्यापाऱ्यांच्या हातून देशोदेशी पांगला. प्राइस आणि वॅगनर यांनी विखुरलेली नाणी धुंडाळून १९७५ साली त्याची जुळणी ग्रंथरूपाने सिद्ध केली. त्यांतील पुष्कळ नाण्यांवर छिन्नीचे घाव आहेत. इजिप्तमध्ये ती नाणी नव्हती, तोलून घ्यायची चांदी होती. आत हिणकस धातू तर नाही ना, हे पाहण्यासाठी ती कापली जात. बाजारात मात्र घाव पडलेल्या नाण्याची किंमत उतरते. जो घाव इतिहासाचा बोलका पुरावा, तोच आमच्या उपासकांच्या लेखी व्यंग!

पुढे १९८४ साली तुर्कस्तानात एल्मालीजवळ धातुशोधक यंत्राने सुमारे १,९०० रौप्यनाणी उकरली गेली. त्यांत अथेन्सची दहा द्राख्मांची, पंख पसरलेल्या घुबडाची अतिदुर्मीळ नाणी होती. त्यापूर्वी जगात ती डझनभरच ठाऊक होती. तुर्की कायद्याप्रमाणे हे धन सरकारचे. तरीही ते चोरट्या वाटेने अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती गेले. तुर्की सरकारने १९८९ साली तेथील न्यायालयात दावा लावला आणि नाणी परतली ती १९९९ साली. नाणी मिळाली, परंतु जाणत्या डोळ्यांदेखत होणारे उत्खनन कोणते न्यायालय परत देववील?

प्रतिपक्ष म्हणतो, "संग्राहक नसते तर ही नाणी मुशीत वितळली असती." जुन्या काळापुरते हे मान्य. संग्राहकांच्या सूचींनी या शास्त्राचा पाया घातला, हेही मान्य. परंतु आज फावडे चालते ते गिऱ्हाईक ठरलेले असते म्हणून. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्याने, जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन कलेक्टरास कळविण्याची सक्ती केली, ती उगीच नव्हे. शिवाय ताबा म्हणजे मालकी नव्हे. चोराकडून विकत घेणाऱ्यास चोराहून अधिक हक्क पोहोचत नाही, हे वकिलीच्या पहिल्या वर्षी शिकविले जाते.

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. हे नाणे कोठून निघाले, केव्हा निघाले आणि त्या देशाबाहेर कोणत्या कागदाच्या आधारे गेले, हे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारावेत. उत्तर न मिळाल्यास पैसे खिशातच ठेवावेत. चिन्हाचीच भूक असेल तर उत्तम प्रतिकृती पुरेशी आहे. घुबड तेच, डहाळी तीच, चंद्रकोरही तीच. ती नकोशी वाटत असेल, तर निदान चिन्हांच्या उपासनेचे नाव तरी पुढे करू नये.