बदलून बघू!

मंडळी, आपल्या धाराशिवात गाडी मिसिंग करू लागली की गॅरेजमध्ये एकच मंत्र: "बदलून बघू!" परवा माझ्या गाडीला तिन्ही प्लग नवे घातले, तर तुळजापूरच्या घाटात ती जास्तच झटके देऊ लागली. लगेच फर्मान: "आता कॉइल, मग इंजेक्टर." अहो, हे निदान की पूजेच्या सामानाची यादी?

प्लग बदलल्यावर दोष वाढला, तर आधी त्याच कामाकडे बघावे. कनेक्टर नीट बसला का? प्लगची चिनीमाती तडकली का? गॅप बरोबर आहे का? स्कॅनर पी ०३०१ दाखवतो, म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय. का चुकतोय, ते नाही. मग पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. दोष सोबत गेला तर कॉइल खराब. नाही गेला, तर प्लगची अदलाबदल करा. तरीही जागचा हलला नाही, तरच इंजेक्टर, कॉम्प्रेशन. तोवर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा घास घेते.

मेकॅनिक म्हणतात, तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. खरे आहे! म्हणून ते आपण द्यावेत, आणि कारण विचारावे. गणित चुकले म्हणून पोराची पाटी कुणी बदलत नाही. चुकलेली पायरी शोधतात.